गेम कंट्रोलर कसा पारखावा? नव्या खेळाडूंसाठी क्रमवार मार्गदर्शन

कंट्रोलरच्या खोक्यावर बरंच काही छापलेलं असतं: हॉल इफेक्ट स्टिक, १००० हर्ट्झ, चार जादा बटणं, रंगीत दिवे. पण तासभर खेळल्यावर तुमचा अंगठा दुखेल की नाही, हे त्यातल्या एकाही शब्दावरून कळत नाही. मी बरीच वर्षं निरनिराळे कंट्रोलर वापरत आणि बिघडलेले उघडून बघत आलोय. त्यामुळे नवा कंट्रोलर हाती आला की मी तो ठरलेल्या क्रमानेच तपासतो. तोच क्रम इथे देतोय.

कसोटी एकच धरा. नजर पडद्यावरून न हलवता बोटाला तीन गोष्टी कळल्या पाहिजेत: आपण कुठे आहोत, काय दाबलं आणि किती दाबलं. बाकीचं सगळं यानंतर.

काय काय लागेल

- कंट्रोलर आणि डेटा जाऊ शकेल अशी यूएसबी केबल. काही केबलमधून फक्त चार्जिंग होतं. अशा केबलने जोडलेला कंट्रोलर संगणकाला दिसतच नाही आणि लोक कंट्रोलरलाच दोष देतात.
- संगणक आणि ब्राउझर. ‘गेमपॅड टेस्टर’ असं शोधलं की स्टिक-बटणांचे आकडे दाखवणारी पानं सापडतात. पान उघडल्यावर काहीच दिसलं नाही तर एखादं बटण दाबा, कारण त्याआधी ब्राउझर कंट्रोलरची दखल घेत नाही.
- तुम्हाला अगदी सवयीचा असलेला एखादा गेम. नव्या गेममध्ये चूक आपली की कंट्रोलरची, हे ओळखता येत नाही.
- खरेदीची पावती आणि वस्तू परत करण्याची शेवटची तारीख. ही तारीख आत्ताच लिहून ठेवा, शेवटच्या पायरीत लागेल.

## १. आधी गेम ठरवा

सगळ्या गेमना सारखाच सोयीचा पडेल असा कंट्रोलर अजून झालेला नाही. तुम्ही सर्वांत जास्त खेळता ते दोन प्रकार कागदावर लिहा. फायटिंग, कोडी आणि जुन्या धर्तीचे उड्यांचे गेम असतील तर डी-पॅड, म्हणजे डाव्या अंगठ्याचं चार दिशांचं बटण, महत्त्वाचा. नेमबाजी किंवा मोकळ्या जगातली भटकंती असेल तर दोन्ही स्टिक, म्हणजे अंगठ्याने हव्या त्या दिशेला ढकलायच्या छोट्या दांड्या. गाड्यांच्या शर्यती असतील तर ट्रिगर, म्हणजे तर्जनीखाली येणारी, बंदुकीच्या घोड्यासारखी ओढायची बटणं. पुढच्या ज्या पायरीचा तुमच्या गेमशी संबंध आहे, तिथे जराही सवलत देऊ नका. इतर ठिकाणी थोडं सोडून दिलं तरी चालेल.

## २. काहीही न दाबता नुसता हातात धरा

दोन्ही हातांनी कंट्रोलर धरा आणि दोन्ही अंगठे व तर्जन्या पूर्ण सैल सोडा. उरलेली तीन बोटं आणि तळवा यांच्या आधारावर कंट्रोलर स्थिर राहिला पाहिजे. तो पुढे कलंडत असेल किंवा सावरायला अंगठ्याने दाबावं लागत असेल, तर खेळताना अंगठ्याला एकाच वेळी दोन कामं करावी लागतील: धरणं आणि खेळणं. थकवा येतो तो इथूनच.

वजनाला लोक उगाच घाबरतात. प्लेस्टेशन ५ चा ड्युअलसेन्स साधारण २८० ग्रॅमचा आहे, त्याआधीचा ड्युअलशॉक ४ साधारण २१० ग्रॅमचा. तरी जड वाटतो म्हणून ड्युअलसेन्स टाकून देणारं माझ्या पाहण्यात कोणी नाही, कारण त्याच्या भरदार मुठी, म्हणजे धरायचे भाग, वजन तळव्यावर घेतात. वजन किती यापेक्षा ते कुठे पडतं, हे पाहा.

मापाचं मात्र तसं नाही. २००१ साली पहिल्या एक्सबॉक्सबरोबर आलेला कंट्रोलर इतका मोठा होता की त्याला ‘ड्यूक’ असं टोपणनाव पडलं. जपानसाठी मायक्रोसॉफ्टने ‘कंट्रोलर एस’ नावाचा लहान कंट्रोलर काढला, आणि पुढे इतर देशांतही तोच नेहमीचा झाला. म्हणून दुसऱ्याच्या शिफारशीवर विसंबू नका. शिफारस करणाऱ्याचा हात तुमच्या हाताच्या मापाचा असेलच असं नाही.

आणि हात म्हणजे दोन हात, दहा बोटं, पुरेशी ताकद, हे गृहीतच धरण्याची सवय या क्षेत्राला फार काळ होती. २०१८ चा एक्सबॉक्स ॲडॅप्टिव्ह कंट्रोलर त्या गृहीतकाबाहेर पडला: वर दोन मोठी बटणं, आणि मागे ३.५ मिलिमीटरचे १९ जॅक. त्यांत पायाने, कोपराने, डोक्याने दाबायचे वेगळे स्विच जोडता येतात. सोनीचा ॲक्सेस कंट्रोलर २०२३ मध्ये आला. तो टेबलावर सपाट ठेवून वापरता येतो. तुमच्यासाठी किंवा घरातल्या कोणासाठी नेहमीचा कंट्रोलर अवघड असेल, तर शोध या दोघांपासून सुरू करा. नेहमीच्याच कंट्रोलरवर कसंबसं जुळवून घेत बसू नका.

## ३. अंगठा आपोआप कुठे पडतो ते बघा

डोळे मिटा, कंट्रोलर धरा, अंगठे सैल सोडा. ते जिथे टेकतील ती त्या बाजूची सर्वांत मोलाची जागा. तिथे एकच गोष्ट बसू शकते. डावीकडे तिथे स्टिक आहे की डी-पॅड, यावरून तो कंट्रोलर मुळात कोणत्या खेळांसाठी घडवलाय हे कळतं.

प्लेस्टेशनचा १९९४ चा मूळ कंट्रोलर डी-पॅडचा होता, म्हणून ही जागा डी-पॅडला मिळाली. १९९७ मध्ये दोन स्टिक आल्या तेव्हा त्यांना खालच्या रिकाम्या जागेत, आतल्या बाजूला बसवलं गेलं. ती मांडणी आजतागायत टिकली आहे. एक्सबॉक्सने डावी स्टिक वर आणि डी-पॅड खाली घेतला. बोटं लांब असलेल्यांना प्लेस्टेशनच्या सममित मांडणीचा (दोन्ही स्टिक एकाच पातळीत) त्रास होत नाही, पण लहान हातांचा अंगठा तिथवर ताणला जातो. माझं मत विचाराल तर स्टिकवर चालणारे गेमच जास्त खेळणाऱ्याने स्टिक वर असलेली मांडणी घ्यावी. डी-पॅडवाल्यांनी उलट.

निंटेंडो ६४ चा १९९६ चा कंट्रोलर या पायरीवर अडखळतो. त्याला तीन मुठी होत्या: मधल्या मुठीवर स्टिक, डाव्या मुठीवर डी-पॅड. एक धरली की दुसरी हाताबाहेर जाई. पुढचे खेळ कसे असतील याचा तेव्हा कोणालाच अंदाज नव्हता, त्यामुळे दोन्ही ठेवण्यामागचं कारण समजतं. पण खेळणाऱ्याला प्रत्येक गेममध्ये कंट्रोलरचा एक तृतीयांश भाग सोडूनच द्यावा लागे.

## ४. बटणं चाचपडून ओळखा

डोळे मिटलेलेच ठेवा. उजवा अंगठा चार बटणांवरून फिरवा. कुठलं बटण कुठलं, हे कळतंय का?

उत्तर अमेरिकेत विकलेल्या सुपर निंटेंडो या कन्सोलच्या कंट्रोलरवर एक्स आणि वाय ही बटणं खोलगट होती, ए आणि बी फुगीर. अंगठ्याला वरची जोडी कोणती आणि खालची कोणती हे स्पर्शावरूनच कळायचं. निंटेंडोच्याच गेमक्यूब या कन्सोलने २००१ मध्ये याहून धीट पाऊल टाकलं: मधोमध मोठं हिरवं ए, बाजूला लहान लाल बी, आणि एक्स-वाय ही ए भोवती वळसा घालणारी लांबट बटणं. प्रत्येकाचा आकार किंवा कल वेगळा, त्यामुळे चुकण्याचा प्रश्नच नाही. पण एखाद्या गेमने चारही बटणांना सारखं काम दिलं की हीच मांडणी गैरसोयीची ठरते.

आता अंगठ्याच्या टोकाने डावं बटण दाबून धरा आणि तो न उचलता, त्याच अंगठ्याच्या पेराने खालचं बटण दाबा. पळता पळता उडी मारायची म्हणजे हेच करावं लागतं. बटणं एकमेकांपासून फार दूर असतील किंवा फार खोल जात असतील, तर हे जमत नाही. मग प्रत्येक बटण अगदी कडेवर दाबून पाहा. ते अडकलं, घासलं किंवा तिरकं बसलं, तर असा कंट्रोलर परत करा. हा दोष वापरून सुधारत नाही.

बटणांच्या आत दोन प्रकार असतात. रबरी घुमटाचं बटण मऊ आणि आवाज न करणारं, मायक्रोस्विचचं कमी खोल आणि ‘टिक्’ वाजणारं. यात चांगलं-वाईट काही नाही, आवड आहे. घरात कोणी झोपलेलं असताना खेळत असाल तर टिकटिक लक्षात घ्या.

इथे फसगत होते: निंटेंडोच्या कंट्रोलरवर ए उजवीकडे आणि बी खाली असतं, एक्सबॉक्सवर नेमकं उलट. एक्स आणि वायसुद्धा अदलाबदल झालेले. पडद्यावर ‘ए दाबा’ आलं की अंगठा जुन्या सवयीने जातो. दुसऱ्या मांडणीचा कंट्रोलर घेणार असाल तर सेटिंगमध्ये बटणं बदलायची सोय आहे ना, हे आधी बघा.

## ५. डी-पॅडच्या तिरप्या दिशा तपासा

अधिकचिन्हासारखा डी-पॅड निंटेंडोच्या गुनपेई योकोई यांनी १९८२ मध्ये ‘डॉंकी काँग’ या गेमच्या ‘गेम अँड वॉच’ या हातात मावणाऱ्या यंत्रासाठी आणला. त्याची खुबी अशी की चार हात उठावदार असल्याने अंगठ्याला मध्य न बघता सापडतो, आणि खाली मधोमध टेकू असल्याने डावा हात खाली गेला की उजवा वर येतो. डावी-उजवी एकदम दाबलीच जात नाही.

टेस्टरचं पान उघडा आणि दोन गोष्टी करा. आधी ‘डावी’ दाबून धरा आणि अंगठा किंचित वर-खाली डुलवा. मध्येच ‘वर’ किंवा ‘खाली’ उमटायला लागलं तर डी-पॅड जास्तच हळवा आहे. आजच्या बऱ्याच टेट्रिसमध्ये ‘वर’ म्हणजे ठोकळा थेट तळाशी आपटणं, त्यामुळे अशा डी-पॅडवर बाजूला सरकवता सरकवता डाव संपतो. नंतर उलटी परीक्षा: ‘खाली’पासून ‘उजवी’पर्यंत अंगठा घरंगळत न्या. मध्ये तिरपी दिशा प्रत्येक वेळी उमटली पाहिजे. ती गाळली गेली तर फायटिंग गेममधली खास चाल निघणार नाही.

एक डी-पॅड या दोन्ही परीक्षांना उतरणं कठीण असतं, म्हणूनच पहिली पायरी महत्त्वाची. २००५ च्या एक्सबॉक्स ३६० चा तबकडीसारखा डी-पॅड पहिल्या परीक्षेत नापास होण्याबद्दल प्रसिद्ध होता. बाकी सगळा कंट्रोलर इतका चांगला असूनही मायक्रोसॉफ्टला २०१० मध्ये फिरवून वर उचलता येणारा डी-पॅड असलेली वेगळी आवृत्ती काढावी लागली.

## ६. स्टिकला सर्वांत जास्त वेळ द्या

कंट्रोलर खराब होतो तो बहुतेक वेळा स्टिकमुळे. म्हणून ही पायरी घाईत उरकू नका.

मध्यावर परत येणं. टेस्टरवर प्रत्येक स्टिकचे दोन आकडे दिसतात, उणे १ ते अधिक १. स्टिक सोडल्यावर दोन्ही शून्याजवळ हवेत. ०.०२ किंवा ०.०४ दिसलं तर काळजी नको. आता स्टिक टोकापर्यंत नेऊन पटकन सोडा, चारही दिशांनी, प्रत्येक दिशेला काही वेळा. दर वेळी ती जवळपास एकाच आकड्यावर थांबली तर ठीक. डावीकडून सोडल्यावर एक आणि उजवीकडून सोडल्यावर भलताच आकडा आला, तर स्प्रिंग सैल आहे. हे नव्या कंट्रोलरमध्ये दिसलं तर ठेवून घेऊ नका. १९८२ च्या अटारी ५२०० ची स्टिक सोडल्यावर मध्यावर येतच नसे. स्टिक आपोआप परतणं ही चैन नाही, हे त्या कंट्रोलरने दाखवून दिलं.

डेडझोन. मध्याभोवतीच्या ज्या भागातली हालचाल गेम मोजतच नाही, तो डेडझोन. मायक्रोसॉफ्टच्या एक्सइनपुटमध्ये (विंडोजवरचे गेम कंट्रोलरची माहिती ज्या पद्धतीने वाचतात ती) डाव्या स्टिकसाठी सुचवलेला डेडझोन ३२,७६७ पैकी ७,८४९ आहे, म्हणजे जवळपास २४ टक्के. उजवीसाठी ८,६८९, म्हणजे २६ टक्क्यांहून जास्त. स्टिक मध्यावर नीट थांबणार नाही हे धरूनच हे आकडे ठरले आहेत. चांगल्या स्टिकला इतक्याची गरज नसते. त्यामुळे गेमच्या सेटिंगमध्ये डेडझोन कमी करून पाहा. काही न करता कॅमेरा आपोआप सरकायला लागेपर्यंत कमी करत जा, मग एक पाऊल मागे या. नेम किती सुधारतो ते लगेच जाणवेल.

इथे फसगत होते: मध्यावरचा आकडा अगदी ०.०० दिसला म्हणून खूश होऊ नका. स्टिक शक्य तितकी सावकाश ढकला. आकडा बराच वेळ शून्य राहून एकदम ०.०८ वर उडाला, तर कंट्रोलरने आतच डेडझोन लपवलाय आणि तो गेमच्या सेटिंगमधून निघणार नाही. कडेचंही तसंच. स्टिक काठाने गोल फिरवल्यावर तिरप्या दिशेला दोन्ही आकडे ०.७ च्या आसपास येतात. वर्तुळ किंचित वाकडं असलं तर बिघडत नाही. पण स्टिक काठाला टेकण्याच्या खूप आधीच आकडा १ ला पोहोचत असेल, तर शेवटची हालचाल वाया जातेय.

आतली यंत्रणा. नेहमीच्या स्टिकमध्ये पोटेन्शिओमीटर असतो: कार्बनच्या पट्टीवर धातूचा संपर्कबिंदू घासत फिरतो. घासून पट्टी झिजते, धूळ बसते आणि हात न लावता गेममधलं पात्र चालू लागतं. यालाच ड्रिफ्ट म्हणतात. निंटेंडो स्विचच्या जॉय-कॉन या कंट्रोलरमुळे हा शब्द घराघरांत पोहोचला. हॉल इफेक्ट स्टिकमध्ये चुंबक आणि सेन्सर एकमेकांना शिवत नाहीत, त्यामुळे ही झीज टळते. ही कल्पना नवी नाही, सेगाच्या ड्रीमकास्टमध्ये १९९८ सालीच होती. टीएमआर हा चुंबकावरच चालणारा अलीकडचा प्रकार, तो वीज कमी खातो. पण चुंबकीय स्टिकलाही स्प्रिंग असते, खालचं दाबायचं बटण असतं, प्लास्टिकचं कडं असतं, आणि तेही झिजतात. खोक्यावर ‘हॉल’ लिहिलंय म्हणून वरच्या परीक्षा टाळू नका.

टोपी. अंगठा टेकतो तो भाग. प्लेस्टेशन ३ च्या काळातल्या फुगीर टोपीवरून घामेजलेला अंगठा घसरायचा. ड्युअलशॉक ४ वर मध्ये खोलगा आणि काठाला उठाव आला, आणि तक्रार बरीच ओसरली. टोपी कडक आणि टोकदार असेल तरी त्रासच. निंटेंडो ६४ च्या ‘मारिओ पार्टी’मध्ये स्टिक वेगाने गोल फिरवायचे खेळ होते. मुलं ती तळव्याने फिरवत आणि तळवे सोलवटत. शेवटी २००० मध्ये निंटेंडोला अमेरिकेत हातमोजे देण्याची तयारी दाखवावी लागली.

## ७. ट्रिगर

शर्यतीच्या गेमसाठी ट्रिगर लांब जाणारा हवा, म्हणजे अर्धा वेग, पाव वेग बोटाला मोजता येतो. नेमबाजीत हीच लांबी म्हणजे उशीर. काही कंट्रोलरना मागे खटका असतो, त्याने ट्रिगरचा प्रवास कमी करता येतो. दोन्ही प्रकार खेळत असाल तर तो खटका नक्की बघा. टेस्टरवर आकडा सलग वाढतोय की नुसता ० वरून १ होतोय, तेही पाहा. दुसरं असेल तर तो दिसायला ट्रिगर आहे, कामाला साधं बटण.

गेमक्यूबच्या ट्रिगरचं मला आजही कौतुक वाटतं. तो आधी हळूहळू खाली जायचा आणि तळाशी वेगळा ‘कट्’ असा टप्पा यायचा. ‘सुपर मारिओ सनशाइन’मध्ये अर्धा दाबला की पळता पळता पाणी उडवता येई, पूर्ण दाबला की मारिओ थांबून नेम धरी. कोणता टप्पा गाठलाय हे तर्जनीलाच कळायचं.

शेवटी कंट्रोलर टेबलावर ठेवा. ठेवताच ट्रिगर दाबला जात असेल, तर गेम थांबवून पाणी प्यायला उठलात की काहीतरी घडून बसेल.

## ८. मागची बटणं, जायरो, कंपन

मागची बटणं उपयोगी आहेत, पण साध्या पकडीतच मधल्या बोटाने चुकून दाबली जात असतील तर तोटाच जास्त. ती बंद करता येतात का बघा. जायरोने, म्हणजे कंट्रोलर कलवून, नेम धरण्याची एकदा सवय झाली की सोडवत नाही. मात्र एक्सइनपुट पद्धतीत जायरोची माहिती जातच नाही, त्यामुळे त्या मोडमध्ये खोक्यावरचा जायरो नुसता शोभेला उरतो. ड्युअलसेन्सच्या ट्रिगरला येणारा बदलता अडसर छान आहे, पण गेमने तो वापरला असेल तरच जाणवतो. कंपन आवडलं तर ठेवा, नाहीतर बंद करा. बॅटरी जास्त टिकेल.

## ९. जोडणी

सर्वांत आधी तुमच्या कन्सोलचं नाव खोक्यावर शोधा. एका कन्सोलचा कंट्रोलर दुसऱ्यावर थेट चालतो असं धरून चालू नका.

१२५ हर्ट्झ म्हणजे दर ८ मिलिसेकंदांनी माहिती जाणं, १००० हर्ट्झ म्हणजे दर १ मिलिसेकंदाने. सेकंदाला ६० चित्रं दाखवणाऱ्या गेममध्ये एक चित्र साधारण १६.७ मिलिसेकंद टिकतं, हे लक्षात घेतलं की या आकड्यासाठी जास्त पैसे मोजायचे का ते ठरवणं सोपं जातं. शिवाय मोठा आकडा बऱ्याचदा केबल लावल्यावरचा असतो. ब्लूटूथवरचा वेगळा लिहिलाय का, ते वाचा.

## १०. तासभर खेळा, आणि पुन्हा तपासा

सवयीचा गेम सलग तासभर खेळा. नंतर तीन जागा बघा: अंगठ्याचं मूळ, तर्जनीचं पेर, आणि प्लास्टिकचा सांधा जिथे तळव्याला लागतो ती जागा. नव्या मांडणीमुळे बोटं गोंधळणं साहजिक आहे, ते काही दिवसांत जातं. दुखणं किंवा वळ उठणं मात्र सवयीने जात नाही.

परत करण्याच्या मुदतीच्या दोन दिवस आधी सहावी पायरी पुन्हा करा आणि आधीचे आकडे समोर ठेवा. मध्यावरचा आकडा तेवढ्यात सरकला असेल, तर तो कंट्रोलर परत द्या. बहुतेक कंट्रोलरमध्ये स्टिक सर्किट बोर्डला डाग देऊन बसवलेली असते, त्यामुळे मुदत संपल्यावर ती बदलायची म्हणजे सोल्डरिंग आलं. याला एक अपवाद म्हणजे २०२३ मध्ये आलेला ड्युअलसेन्स एज, ज्याची स्टिक मॉड्यूलसकट काढून नवी बसवता येते.